अमेरिकेच्या आयव्हीएलपी दौऱ्यासाठी नाव पुढे गेलंय: निघण्याआधी आणि तिथे पोचल्यावर काय करायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सरपंच ताईंनी विचारलंय: मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून फोन आला, इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅमसाठी तुमचं नाव सुचवलंय असं सांगितलं. मी कुठेही अर्ज केलेला नाही. हे खरं असतं का? सरकारी परवानगी लागते का? माझं इंग्रजी बेताचं आहे. आणि माझा धाकटा भाऊ पुण्यात आयटीत आहे, त्यालाही असं जाता येईल का?

ताई, अर्ज न करता फोन येणं हीच या कार्यक्रमाची रीत आहे. आयव्हीएलपी म्हणजे अमेरिकी सरकारच्या खर्चाने होणारा अभ्यासदौरा, आणि त्याला अर्जच नसतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं विषयांची यादी काढतं, प्रत्येक देशातला त्यांचा दूतावास आपल्या माहितीतल्या लोकांची नावं सुचवतो, दूतावासातली समिती त्यातून निवड करते आणि ती नावं वॉशिंग्टनला जातात. मुंबईचं कॉन्सुलेट महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या भागाचं काम बघतं, तेव्हा फोन तिथूनच यायला हवा. तरी खात्री करून घ्या. पुढचा पत्रव्यवहार ज्या ईमेलवरून येईल त्याचा शेवट state डॉट gov या सरकारी पत्त्याचा असला पाहिजे. तुमच्याकडून एक रुपयाही मागितला जाता कामा नये. या व्हिसाला शुल्क नाही, सेव्हिस नावाची जी नोंदणी फी विद्यार्थ्यांना भरावी लागते तीही इथे माफ आहे. ‘प्रोसेसिंग’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तो फसवणारा आहे.

दुसरं लक्षात ठेवा, नाव सुचवलं म्हणजे निवड झाली असं नाही. काही नावं राखीव म्हणूनही ठेवली जातात. निवड झाली तरी प्रत्यक्ष निघेपर्यंत कित्येक महिने जातात, कधी वर्षही उलटतं. त्यात 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकी परराष्ट्र खात्याने अशा देवाणघेवाणीच्या अनुदानांचा पैसा काही काळ रोखून धरला होता, आणि तेव्हापासून या सगळ्याच कार्यक्रमांच्या निधीबद्दल अनिश्चितता आहे. म्हणून पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत गावात सत्कार नको, फ्लेक्स नको, वर्तमानपत्रात बातमी नको. दौरा पुढे ढकलला गेला तर सहा महिने लोकांना उत्तरं देत बसावं लागतं.

या दौऱ्यामागे कोण आहे आणि कशासाठी, हे तुम्हाला माहीत असावं. 1940 मध्ये नेल्सन रॉकफेलर यांनी लॅटिन अमेरिकेतल्या 130 पत्रकारांना अमेरिकेत बोलावलं, तिथून याची सुरुवात मानतात. 1948 च्या स्मिथ-मंट कायद्याने आणि 1961 च्या फुलब्राइट-हेज कायद्याने त्याला पक्का पाया मिळाला. आजवर दोन लाखांहून जास्त माणसं जाऊन आली. मार्गारेट थॅचर 1967 मध्ये, पंतप्रधान होण्याच्या बारा वर्षं आधी गेल्या होत्या. आपल्याकडचे अटलबिहारी वाजपेयी, के. आर. नारायणन, आणि जळगावच्या प्रतिभाताई पाटील ही नावं त्यांच्या यादीत आहेत. पुढे मोठी होतील अशी वाटणारी माणसं लवकर ओळखायची, त्यांना आपला देश दाखवायचा, आणि ओळख टिकवायची हा अमेरिकी सरकारचा उघड हेतू आहे. त्यात लपवाछपवी नाही आणि तुमच्यावर कसलं बंधनही येत नाही. अमेरिकेच्या धोरणाशी तुमचं पटत नसेल तर तिथल्या बैठकीतही तसं सांगता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, जो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. परदेशी अंशदान विनियमन कायदा 2010, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, त्याच्या कलम 6 प्रमाणे विधिमंडळाचे सदस्य, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि सरकारी मालकीच्या संस्थांचे कर्मचारी यांना परदेशी पाहुणचार घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. आपण म्हणू, सरपंचाचा विधिमंडळाशी काय संबंध? पण या कायद्यातल्या व्याख्येत ‘विधिमंडळ’ या शब्दाखाली संसद आणि विधानसभेबरोबर नगरपालिका, महानगरपालिका आणि पंचायतही येते. म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समिती सदस्य आणि तुम्ही, सगळ्यांना हे कलम लागू आहे. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, तिथला प्रवास हा सगळा खर्च परदेशी सरकार करणार, म्हणजे तो कायद्याच्या भाषेत परदेशी पाहुणचारच झाला.

परवानगीचा अर्ज एफसी-2 या नमुन्यात, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. सोबत यजमानांचं निमंत्रणपत्र जोडावं लागतं. नियमात निघण्याच्या दोन आठवडे आधी अर्ज पोचला पाहिजे असं म्हटलंय, पण दोन आठवड्यांवर विसंबू नका. निमंत्रणपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. गडबड कुठे होते तर निमंत्रणपत्रात. त्यात तारखा, ठिकाणं आणि खर्च नेमका कोण करणार हे स्पष्ट नसेल तर खुलासा मागवला जातो आणि त्यात दहा-पंधरा दिवस सहज जातात. म्हणून कॉन्सुलेटकडून पत्र घेतानाच सांगा, ‘मी पंचायतीची निवडून आलेली सदस्य आहे, मला एफसी-2 भरायचा आहे, पत्रात विमानप्रवास, निवास आणि भत्ता अमेरिकी परराष्ट्र खातं देणार असं नमूद करा.’ तिथल्या कर्मचाऱ्यांना हे माहीत असतं, फक्त तुम्ही कोणत्या पदावर आहात ते त्यांना वेळेत कळायला हवं. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि मासिक सभेत तुमच्या गैरहजेरीत काम उपसरपंच बघतील अशी नोंद करून घ्या. खाजगी वृत्तपत्रातल्या पत्रकाराला किंवा खाजगी डॉक्टरला यातलं काही लागत नाही, पण त्यांच्या सांगण्यावर तुम्ही जाऊ नका.

व्हिसा जे-1 प्रकारचा, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा असतो. डीएस-160 हा ऑनलाइन फॉर्म तुम्ही भरायचा, डीएस-2019 हा कागद कार्यक्रमाकडून येतो. डीएस-160 मध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं मागतात. ती सगळी लिहा, बंद केलेलं फेसबुक खातंसुद्धा. जून 2025 पासून ‘जे’ प्रकारच्या व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती ‘पब्लिक’ ठेवायला सांगितलं जातं, तेही करून ठेवा.

जास्त त्रास नावाचा होतो. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, निवडणुकीच्या प्रमाणपत्रावर तिसरं. दौऱ्याच्या प्रत्येक कागदावर पासपोर्टवर आहे तेच, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने गेलं पाहिजे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल, तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’) छापून येतं आणि मग विमानाच्या तिकिटापासून हॉटेलच्या नोंदणीपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडतं. तुमच्या पासपोर्टचं असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण व्हिसा लागल्यावर ते करणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इथपर्यंतची कामं कागदाची. दौऱ्याचं सोनं होणार की नुसती सहल होणार हे ठरतं ते यापुढच्या एका टप्प्यावर, आणि तिथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

दौरा परराष्ट्र खातं स्वतः आखत नाही. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी नेमलेल्या काही संस्था आहेत, मेरिडियन इंटरनॅशनल सेंटर, वर्ल्ड लर्निंग, इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन वगैरे. त्यातली एक तुमच्या गटाचा कार्यक्रम बांधते. मग प्रत्येक शहरात ग्लोबल टाइज या जाळ्यातली स्थानिक संस्था बैठका ठरवते, आणि त्या संस्था बऱ्याच अंशी स्वयंसेवकांवर चालतात. आता विचार करा, मिनेसोटातल्या किंवा न्यू मेक्सिकोतल्या एखाद्या शहरात बसून जी व्यक्ती तुमच्यासाठी फोन फिरवणार आहे, तिच्या हातात तुमच्याबद्दल काय असतं? अर्ध्या पानाची ओळख. तेवढीच. त्यावरून ती ठरवते की तुम्हाला महापौरांकडे न्यायचं की सांडपाणी केंद्रावर.

ही ओळख कॉन्सुलेट लिहितं, पण माहिती तुम्हीच देता. आपल्याकडे अशी माहिती सत्काराच्या मानपत्रासारखी लिहायची सवय आहे. ‘ग्रामविकासासाठी सदैव तत्पर, विविध पुरस्कारांनी सन्मानित, महिला सक्षमीकरणात मोलाचे योगदान.’ हे वाचून समोरच्याला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं काहीतरी द्या (आकडे अर्थातच तुमच्या गावाचे): ‘गावाची लोकसंख्या 2,400. जलजीवन मिशनमधून 410 घरांना नळजोड. माणशी रोज 55 लिटर हे उद्दिष्ट आहे, मार्च ते मे त्यातलं निम्मंही पोचत नाही. पाणीपट्टीची वसुली साठ टक्के. पंपाचं वीजबिल आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार भागत नाही. लहान गावाची पाणीयोजना दहा वर्षं नीट चालवायची तर पैसा आणि तांत्रिक मदत कुठून आणायची, हे मला बघायचं आहे.’

हे वाचल्यावर तिकडच्या माणसाच्या डोक्यात लगेच दोन-तीन ठिकाणं येतील. अमेरिकेत लहान गावांच्या पाणीयोजनांसाठी ‘सर्किट रायडर’ नावाचे तंत्रज्ञ असतात. ग्रामीण पाणीसंस्थांच्या संघटनांकडून ते गावोगाव फिरतात, गळती शोधतात, क्लोरिनचं प्रमाण बघतात, दर कसे ठरवायचे तेही सांगतात, आणि त्यांचा खर्च केंद्रीय कृषी खात्याच्या निधीतून होतो. दहा हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना याच खात्याकडून पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी कर्ज आणि अनुदान मिळतं. प्रत्येक सार्वजनिक नळयोजनेला वर्षातून एकदा, 1 जुलैपर्यंत, पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांपर्यंत पोचवावा लागतो. सर्किट रायडरबरोबर अर्धा दिवस आणि त्या गुणवत्ता अहवालाची एक प्रत, एवढं मिळालं तरी तुमच्या कामाला ते पाच मोठ्या भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पण मागितल्याशिवाय हे कार्यक्रमात येत नाही. गटाचा विषय ‘स्थानिक लोकशाही’ एवढाच मोघम असेल तर तुम्हाला ठरलेल्या बैठका मिळतील.

कार्यक्रम बांधणाऱ्या संस्थेकडून निघण्याच्या काही आठवडे आधी मेल येतं, आवडीचे विषय, खाण्यापिण्याचं पथ्य, आजार वगैरे विचारतात. त्या मेलला त्याच दिवशी, पाच-सहा ओळींत नेमकं उत्तर द्या. इंग्रजी लिहायला अडचण असेल तर शाळेतल्या शिक्षकांची मदत घ्या, पण मजकूर तुमचाच ठेवा. नंतर शहरं ठरली, बैठका ठरल्या की बदल करणं अवघड होतं. तुमचा दौरा मार्चच्या सुरुवातीला असेल तर व्हरमाँटचा विचार करायला जरूर सुचवा. तिथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी ‘टाऊन मीटिंग’चा दिवस असतो. गावातले मतदार एकत्र बसून, काही गावांत हात वर करून, वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करतात. ग्रामसभा चालवणाऱ्या माणसाला त्यात जे दिसेल ते इतरांना दिसणार नाही.

एकूण दौरा साधारण तीन आठवड्यांपर्यंतचा असतो. पहिले चार-पाच दिवस वॉशिंग्टन, मग वेगवेगळ्या आकाराची तीनेक शहरं. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या संघराज्य पद्धतीवर एक व्याख्यान ठरलेलं असतं. झोप येत असेल तरी ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिकडे 90 हजारांहून अधिक स्थानिक शासनसंस्था आहेत. काउंटी, शहर, टाऊनशिप, शाळांचा वेगळा जिल्हा, आणि नुसत्या पाण्यासाठी किंवा नुसत्या अग्निशमनासाठी काढलेले विशेष जिल्हे. यातले कित्येक स्वतः कर लावतात. हे एकदा डोक्यात बसलं की ‘हा निर्णय कोणी घेतला, पैसा कोणाचा’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारता येतो.

बैठकीचा हिशेब असा बघा. वेळ साठ मिनिटं. गटात आठ जण. प्रत्येकाने दोन मिनिटं स्वतःची ओळख करून दिली, सोळा मिनिटं गेली. यजमानाचं सादरीकरण वीस मिनिटं. दुभाषी वाक्यामागून वाक्य भाषांतर करत असेल तर त्या वीसची चाळीस होतात. म्हणजे वेळ संपलीच, प्रश्न राहूनच गेले. यावर उपाय गटानेच पहिल्या संध्याकाळी ठरवायचा असतो. एका माणसाने अख्ख्या गटाची ओळख दोन मिनिटांत करून द्यायची, पाळीपाळीने रोज वेगळ्याने. प्रत्येक बैठकीसाठी दोघांनी मुख्य प्रश्न विचारायचे आणि बाकीच्यांनी नंतर. हे ठरलं नाही की सगळ्यात जास्त बोलणारा माणूस तीन आठवडे सगळ्यांचा वेळ खातो आणि गटात कुरबुरी सुरू होतात. गटाबरोबर असणारे लियाझन, म्हणजे कार्यक्रमाचे समन्वयक, हे सांभाळायचा प्रयत्न करतात, पण त्यांना एका मर्यादेपलीकडे कुणाला थांबवता येत नाही.

प्रश्न कसा असावा? ‘इथे भ्रष्टाचार होतो का?’ याचं उत्तर एका गुळगुळीत वाक्यात मिळेल. ‘पाण्याचं बिल थकलं तर कितव्या दिवशी नळ तोडता, त्याआधी किती नोटिसा देता, आणि तोडण्याच्या आदेशावर सही कोणाची असते?’ याला समोरच्याला खरं उत्तर द्यावं लागतं, आणि बहुधा तो टेबलावरची फाइल उघडून दाखवतो. नमुना, नोटीस, दरपत्रक मागा. तिकडे हे सार्वजनिक कागद असतात, मागितले तर सहसा देतात.

इंग्रजीची काळजी करू नका, पण आधी विचारून घ्या. अनेक देशांचे लोक एकत्र असतात अशा गटाचा कार्यक्रम बहुधा इंग्रजीत असतो, काही दौरे मात्र दुभाष्यासह आखले जातात. तुमच्या दौऱ्याची भाषा कोणती हे कॉन्सुलेटला स्पष्ट विचारा आणि आपलं इंग्रजी आहे त्यापेक्षा चांगलं आहे असं भासवू नका. दुभाषी असेल तर दोन-दोन वाक्यांत बोला, मध्ये थांबा, म्हणी आणि कोट्या टाळा. आदल्या दिवशी दहा-बारा शब्दांची यादी त्यांना द्या: ग्रामसभा, पाणीपट्टी, थकबाकी, गायरान, सातबारा, ग्रामसेवक, नमुना आठ. हे शब्द ऐनवेळी समोर आले की चांगला दुभाषीही अडखळतो.

आकड्यांचा घोळ भाषेपेक्षा मोठा असतो. लाख-कोटी तिकडे कुणाला कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर. पाण्याच्या मोठ्या साठ्याचं माप ते ‘एकर-फूट’ मध्ये सांगतात, एक एकर-फूट म्हणजे साधारण 12 लाख 33 हजार लिटर. एकर आपल्यासारखाच, चाळीस गुंठ्यांचा. हे एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा. रुपयांचे आकडे आधीच डॉलरमध्ये करून ठेवा, नाहीतर तुमच्या पंचायतीचं अंदाजपत्रक सांगताना शून्य चुकतं आणि समोरचा भलताच अंदाज बांधतो.

एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवायला बोलावणं असतं. दोघं-तिघं मिळून एका घरी. यजमान स्वयंसेवक असतात, त्यांना यासाठी पैसे मिळत नाहीत. सहा-साडेसहाची वेळ असेल तर ती सहा-साडेसहाचीच, आपल्यासारखी आठची नव्हे. शाकाहारी आहात एवढं सांगून भागत नाही. मासे चालत नाहीत, कोंबडी चालत नाही, अंडं चालतं की नाही, आणि मटणाच्या पाण्यात केलेलं सूप चालत नाही, हे वेगवेगळं सांगा. चरबी घालून शिजवलेला घेवडा आणि जिलेटिन घातलेली जेली यांत फसगत होते. भेट म्हणून वारली चित्राची पट्टी, सावंतवाडीचं छोटं लाकडी खेळणं असं हलकं काही न्या. शाल-श्रीफळ नको, नारळ, फळं, बिया वगैरे विमानतळावर जाहीर करावे लागतात आणि काढून घेतले जातात. सरकारी अधिकाऱ्यांना महाग वस्तू देऊ नका, तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना साधारण 20 डॉलरच्या वरची भेट घेता येत नाही आणि त्यांची पंचाईत होते. जेवणाच्या टेबलावर ‘तुमच्या शाळेचा खर्च कोण करतं, या घरावर वर्षाला किती कर भरता’ हे जरूर विचारा. मालमत्ता कराचा मोठा वाटा शाळांना जातो आणि त्यावर घराघरांत मतं असतात, त्यामुळे ही चर्चा रंगते आणि बैठकीत न कळलेलं तिथे कळतं.

पैशांचं थोडक्यात. निवास आणि ठरलेला प्रवास कार्यक्रमाकडून, जेवणाखाण्यासाठी रोजचा भत्ता. पण हॉटेलात खोली घेताना किरकोळ खर्चासाठी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. म्हणून क्रेडिट कार्ड न्या, आणि निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून त्याचा परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवीन कार्डांवर तो मुळात बंद असतो. पहिल्या दोन दिवसांसाठी शे-दीडशे डॉलर रोख जवळ असू द्या. उपाहारगृहात पंधरा ते वीस टक्के टिप द्यावी लागते, ती भत्त्यातूनच जाते.

विमा कार्यक्रमाकडून मिळतो, पण तो तिथे अचानक आलेल्या आजारासाठी किंवा अपघातासाठी. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब, दाताचं जुनं दुखणं यात बसत नाही. गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. डीएस-2019 चा मूळ कागदही तिथेच. सामान एका 23 किलोच्या बॅगेत बसवा, कारण देशांतर्गत विमानात प्रत्येक बॅगेचे पैसे पडतात आणि दर चार-पाच दिवसांनी ती तुम्हालाच ओढायची असते. तिकडची वीज 120 व्होल्टची आहे, आपल्याकडची पाणी तापवायची कॉइल चालत नाही.

न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात नातेवाईक असतील तर ते हॉटेलवर भेटायला येऊ शकतात, मोकळ्या संध्याकाळी. रात्री त्यांच्याकडे राहायला जाणं, बैठक बुडवणं किंवा दौरा संपल्यावर परस्पर आठवडाभर थांबणं हे मनाशी ठरवून मोकळं होऊ नका, आधी लेखी विचारा. घरच्यांना सोबत नेता येत नाही.

जे काही बोलाल किंवा फेसबुकवर टाकाल ते सरपंच म्हणून बोललेलं धरलं जाईल. भारताच्या राजकारणावर, परराष्ट्र धोरणावर विचारतीलच. ‘माझ्या गावात मला दिसतं ते असं’ इथून बोलायला सुरुवात करा. ते प्रामाणिक असतं आणि ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं. बंद खोलीत झालेल्या चर्चेचे फोटो न विचारता टाकू नका.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक बैठकीची एकेक पानाची नोंद मराठीत करा आणि ग्रामसभेत सांगा. पूर्ण दौऱ्याचं वर्णन नको, पाणीपट्टीबद्दल तिथे काय पाहिलं आणि त्यातलं आपल्याकडे काय करता येईल एवढंच. ज्यांना भेटलात त्यांना चार ओळींचं मेल पाठवा, त्यात एक प्रश्न विचारा, म्हणजे पत्रव्यवहार चालू राहतो.

माजी सहभागींसाठी अमेरिकी सरकारच्या छोट्या प्रकल्पांना अनुदान देणाऱ्या योजना असतात. ताई, इथे जपून. त्याच एफसीआरएच्या कलम 3 प्रमाणे विधिमंडळाच्या सदस्याला, आणि मघाशी सांगितलेल्या व्याख्येमुळे पंचायत सदस्यालाही, परदेशी अंशदान घेता येत नाही. पाहुणचाराची परवानगी मिळाली म्हणजे अनुदानाचीही मिळाली असं नाही, दोन्ही बाबी वेगळ्या आहेत. पदावर असेपर्यंत असा पैसा स्वतःच्या किंवा घरच्या बचत गटाच्या नावावर घ्यायच्या भानगडीत पडू नका, कुणी कितीही ‘होतं सगळं’ म्हणालं तरी.

राहिला भाऊ. आयव्हीएलपीला त्याला अर्ज करता येणार नाही, पण उद्या त्याचंही नाव सुचवलं गेलं तर, तो आयटीत आहे म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकी सरकारच्या खर्चाने जे-1 वर गेलेल्यांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पुरी होईपर्यंत एच किंवा एल प्रकारचा कामाचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. पर्यटक व्हिसावर जाता येतं. ही अट लागू आहे का ते डीएस-2019 च्या डाव्या कोपऱ्यात खाली लिहिलेलं असतं. माफी मागता येते, पण खर्च त्यांच्या सरकारने केलेला असल्यावर ती मिळणं कठीण. कंपनी त्याला एच-1बी वर पाठवायच्या बेतात असेल तर हा हिशेब त्याने आधी करावा.

ज्यांना स्वतः अर्ज करता येतो अशा योजनांपैकी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती त्याने बघावी. एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण, पदवीनंतर किमान 2,800 तासांचा कामाचा अनुभव, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात परतण्याची अट. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या आसपास बंद होतात. शिफारसपत्र देणाऱ्या दोन व्यक्तींना त्याने जुलैतच विचारून ठेवावं.